मी फक्त 'बरं' म्हटलं, यात भांडण्यासारखं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला नऊ वर्षं झाली, कळव्याला राहता, बायको सारखी म्हणते की तू माझं ऐकतच नाहीस, आणि तुमचं म्हणणं की मी ऐकतो, पाहिजे तर शब्द न शब्द परत म्हणून दाखवतो. परवा ती ऑफिसमधलं काहीतरी सांगत होती, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात आणि त्यावरून रात्री साडेअकरापर्यंत वाजलं. शेवटी विचारलंय की शब्द तर साधेच होते, मग चुकतंय कोण?

कोण चुकतंय ते मी सांगणार नाही. बावीस वर्षं ठाण्याच्या नौपाड्यात समुपदेशन करतेय, हा प्रश्न रोज कोणीतरी घेऊन येतं आणि आजवर एकदाही त्याचा निकाल लागलेला नाही. कुठे बिघडतंय ते मात्र सापडतं, आणि बहुतेक वेळा ते जिथे लोक शोधतात तिथे नसतंच.

जोडपी माझ्याकडे येतात ती वकिलाकडे जावं तशी पुरावे घेऊन येतात. "मॅडम, मी एवढंच म्हटलं." दुसरा लगेच, "हो, एवढंच म्हटलं, पण कसं म्हटलं ते विचारा." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, शब्द खरंच तेवढेच असतात, पण दुखलेलं असतं ते शब्दाच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात नाहीतर त्यानंतर जे यायला हवं होतं आणि आलं नाही त्यात. ते कोणाच्या लक्षात राहत नाही, लक्षात शब्द राहतात, मग बिचारा शब्द पकडला जातो.

म्हणून मी दोघांच्या परवानगीने (दोघांच्या, चोरून केलेलं रेकॉर्डिंग मी ऐकत नाही) घरातलं पाच-दहा मिनिटांचं साधं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगते. भांडण नको, जेवतानाचं वगैरे चालतं. पहिले दोन दिवस लोक आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे बोलतात, तिसऱ्या दिवशी फोन चालू आहे हे विसरतात. मग त्यातली दोन मिनिटं आम्ही तिघं मिळून कागदावर उतरवतो, शब्द, अडखळणं, आणि मधल्या मोकळ्या जागासुद्धा. एका जोडप्याचा कागद, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत:

ती: रविवारी आईकडे जायचंय ना?
(एक सेकंद, जरा जास्तच)
तो: हं... जाऊ की.
ती: नको असेल तर राहू दे.
तो: अगं जाऊ म्हटलं ना!
ती: म्हटलंस. कसं म्हटलंस ते ऐकलं मी.

एवढंच. यापुढे वीस मिनिटं तिच्या आईचं आजारपण, मागच्या दिवाळीची साडी, कोण कोणाला स्टेशनवर घ्यायला आलं नव्हतं असं सगळं निघालं, पण जे व्हायचं ते या पाच ओळींतच होऊन गेलं होतं, बाकी नुसती वरात.

तो माझ्यासमोर बसून शपथेवर सांगत होता की मी 'जाऊ' म्हटलं, लगेच म्हटलं. ती म्हणत होती की याला यायचंच नव्हतं. कागदावरची ती कंसातली ओळ बघा. १९७४ साली हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या संभाषणाच्या अभ्यासकांनी साध्या गप्पांची रेकॉर्डिंगं अशीच अक्षर न अक्षर उतरवून दाखवलं, की आपण बोलण्याची पाळी एकमेकांना देतो ती जवळजवळ रिले शर्यतीतल्या बॅटनसारखी, मध्ये फट राहत नाही. (सॅक्सने हे काम सुरू केलं ते लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या रोखणाऱ्या केंद्रावर आलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगवरून, हे वाचलं तेव्हापासून मला या माणसाबद्दल वेगळाच जिव्हाळा आहे.) पुढे २००९ मध्ये दहा भाषांमधले हो-नाहीचे प्रश्न घेऊन मोजमाप झालं, जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन वगैरे, तर उत्तर येण्याआधीची फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषाभाषांत फरक होता पण तोही सेकंदाच्या काही अंशांचा. त्यात मराठी नव्हती, पण माझ्याकडच्या कागदांवर मला फार वेगळं काही दिसलेलं नाही.

आता यातली खरी मजा पुढे आहे. समोर चित्र दाखवून "हे काय?" विचारलं तर एक साधा शब्द तोंडातून बाहेर यायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये आख्खं उत्तर कसं येतं? येतं कारण समोरचा बोलत असतानाच तो कुठे चाललाय हे आपण ओळखलेलं असतं आणि उत्तर आतल्या आत बांधायला घेतलेलं असतं. हे आपण दिवसभर करतो, भाजीवाल्याशीसुद्धा, आणि एवढा सराव असल्यामुळे या वेळेबद्दल आपला कान प्रचंड तयार झालेला असतो. 'हो' म्हणायचं असेल तर पटकन येतं. 'नाही' म्हणायचं असेल तर उशीर होतो, आधी 'अं' येतं, 'तसं बघायला गेलं तर' येतं, 'म्हणजे कसंय ना' येतं. जेफरसनने दाखवलं होतं की साधारण एक सेकंद शांतता झाली की माणसं अस्वस्थ होऊन काहीतरी करायला लागतात. म्हणून उशिरा आलेला होकार कानाला नकारासारखाच लागतो. त्या बाईला भास झाला नव्हता, तिने बरोबर ऐकलं होतं.

फक्त, ऐकलेलं बरोबर आणि काढलेला अर्थ चूक, असंही होतं. मी त्याला विचारलं की त्या एका सेकंदात तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, खरं सांग. तो म्हणाला, "मेगाब्लॉक." सासूबाई बदलापूरला, रविवारचा दिवस, ठाणे-कल्याणमध्ये ब्लॉक असेल, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लोकल विस्कळीत, तर मुलाला घेऊन गर्दीत उभं राहायचं का, की रस्त्याने जायचं, याचा हिशोब. जायचं हे त्याने गृहीतच धरलं होतं, कसं जायचं यावर तो पोचला होता. ती माझ्या खुर्चीत बसून त्याच्याकडे असं बघत राहिली आणि म्हणाली, "मग हे बोलायचं ना." तो म्हणाला, "तुला माहीत नाही का रविवारी ब्लॉक असतो?"

हे जे 'तुला माहीत नाही का' आहे ना, ते जवळच्या माणसांचं खास दुखणं आहे. २०११ मध्ये केनेथ सॅवित्स्की आणि सहकाऱ्यांनी नवरा-बायकोंना आणि अनोळखी माणसांना एकमेकांच्या मोघम वाक्यांचा अर्थ ओळखायला दिला. नवरा-बायको अनोळखी माणसांपेक्षा सरस निघाले नाहीत, मात्र आपलं म्हणणं समोरच्याला कळलंय ही त्यांची खात्री वाजवीपेक्षा कितीतरी जास्त होती. अनोळखी माणसाशी बोलताना आपण सगळं फोड करून सांगतो, रिक्षावाल्याला 'तलावपाळीला, रंगायतनच्या जरा पुढे, उजवीकडे' असं सांगतो, घरच्या माणसाला 'तिकडे' एवढंच. आणि त्याला कळलं नाही की रागावतो.

याचा एक जुना प्रयोग मी क्लायंटकडून अजूनही करून घेते, १९९० चा, स्टॅनफर्डमधल्या एलिझाबेथ न्यूटनचा. एकाने मनात ओळखीचं गाणं धरायचं आणि टेबलावर बोटाने त्याचा ठेका वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्म्या वेळा तरी ओळखतील. ओळखली गेली १२० पैकी तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात आख्खा ऑर्केस्ट्रा चालू असतो हो, समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक. माझ्याकडे एका काकांनी गणपतीची आरती वाजवली, बायकोला चाळीस वर्षांच्या संसारानंतर ती ओळखता आली नाही, काका खरंच चिडले, म्हणाले "हिला साधी आरती येत नाही."

आता त्या कागदावरचा अजून एक शब्द, 'ना'. "जायचंय ना?" हा प्रश्न दिसतो पण त्यात 'नाही' म्हणायला दारच ठेवलेलं नाही. नाही म्हटलं तर तुम्ही आईकडे जाण्याला नाही म्हणता आणि वर आधी ठरलेलं मोडताही. म्हणून समोरचा 'जाऊ की' म्हणणारच, आणि मग ती त्याच्या 'जाऊ की'मध्ये खरेपणा शोधत बसणार. प्रश्नाच्या घडणीने उत्तर किती वाकतं याचं एक उदाहरण दवाखान्यातलं आहे. २००७ मध्ये जॉन हेरिटेज वगैरे मंडळींनी अमेरिकेतल्या डॉक्टरांना तपासणीच्या शेवटी विचारायच्या प्रश्नात फक्त एक शब्द बदलायला सांगितला. इंग्रजीत आहे ते, आपल्याकडे म्हणायचं तर 'अजून काही नाही ना?' आणि 'अजून काहीतरी सांगायचंय का?' यांत जो फरक आहे त्या जातीचा. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाने सांगायच्या राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. लोकांच्या मनात तक्रारी होत्याच, पहिला प्रश्नच त्यांना घरी पाठवत होता. आपल्याकडे जेवायला वाढताना आपण "अजून पोळी नको ना?" असं विचारतो ते पाहुण्याने नको म्हणावं म्हणूनच, हे सगळ्यांना कळतं, फक्त आपल्या घरातल्या संवादात आपण तेच करतो ते कळत नाही.

आता तुमच्याकडे येते, 'शब्द न शब्द परत म्हणून दाखवतो' यावर. हे वाचून मी हसले, रागवू नका, कारण हे वाक्य पुरुषांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा शिक्का बनवून घ्यावा. तुम्ही खरंच परत म्हणून दाखवाल याबद्दल मला शंका नाही. पण ऐकणं म्हणजे साठवून ठेवणं असं तुम्ही धरलंय.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यायला लागायचा, आठवतंय? हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आम्हाला वाटायचं आजी झोपलोय का ते तपासतेय. तसं नव्हतं फक्त, हुंकारावर तिची गोष्ट चालायची. राक्षस आला की आम्ही 'आँ!' करायचो मग ती राक्षसाचे दात अजून वाढवायची. जॅनेट बाव्हेलस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हेच प्रयोगात पकडलं. एकाने आपल्यावर बेतलेला, थोडक्यात वाचल्याचा प्रसंग सांगायचा. ऐकणाऱ्यांपैकी काहींना गुपचूप एक काम दिलं, की इंग्रजीतल्या 'टी' अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे ही माणसं एकेक शब्द कान देऊन ऐकत होती, तुमच्याइतकं नीट. पण त्यांचे हुंकार गेले, विशेषतः 'अरे बापरे', दचकणं, तोंड वाकडं करणं, असे जे त्या गोष्टीच्या त्या जागेलाच बसतात ते गेले. आणि परिणाम कोणावर झाला? सांगणाऱ्यावर. त्याची गोष्ट घसरली, शेवट नीट जमेना, तेच तेच परत सांगत बसला, आपण हे का सांगतोय याची सफाई द्यायला लागला.

आता तुमच्या बायकोचं ऑफिसमधलं आठवा. तुम्ही लिहिलंय की 'ती तेच तेच तीनदा सांगते'. सांगते कारण पहिल्या दोन वेळा ते कुठे पोचलंच नाही. तिने सांगितलं की सगळ्यांसमोर साहेबांनी तिचं प्रेझेंटेशन मध्येच थांबवलं, आणि तुम्ही 'बरं' म्हणालात. 'बरं' वाईट शब्द नाही. मराठीत एवढा कामाचा शब्द दुसरा नसेल, 'बरं?' म्हणजे पुढे काय, 'बरंऽऽ' म्हणजे आता कळलं, 'बरं बरं' म्हणजे आवर आता, 'बरं झालं' म्हणजे सुटलो, फोन ठेवताना 'बरं मग' म्हणजे ठेवतो. पण जिथे 'काय सांगतेस!' यायला हवं तिथे आलेलं सपाट 'बरं' म्हणजे आवक रजिस्टरला शिक्का मारल्यासारखं, कागद मिळाला, तारीख अमुक. नोंद झाली हो, पण दचकलं कोणीच नाही. तिला तिच्या अपमानाला साक्षीदार हवा होता.

यावर लगेच 'मग मी नाटक करू का' असं म्हणू नका, बरेच जण म्हणतात. नाटक करून उपयोग नाही, चुकीच्या जागी आलेलं 'अरे बापरे' तर सपाट 'बरं'पेक्षा वाईट, बायकांना ते दोन मिनिटांत कळतं. फोन पालथा ठेवा, बाकी आपोआप होतं. खरंच होतं, चेहरा आपलं काम करतो जर त्याला स्क्रीनमधून बाहेर येऊ दिलं तर.

इथे एक कचरा बाजूला काढते. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करणारे क्लायंट हमखास सांगतात, "मॅडम ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, ९३ टक्के कम्युनिकेशन बॉडी लँग्वेज आणि टोनमध्ये असतं, शब्द फक्त ७ टक्के." हा आकडा अल्बर्ट मेहराबियनच्या १९६७ च्या प्रयोगांतून उचललेला आहे आणि त्या प्रयोगांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात, चेहऱ्याच्या फोटोंबरोबर देऊन बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. सगळ्या बोलण्याला तो लागू नाही, मेहराबियनने स्वतःच तसं सांगितलंय. शब्द ७ टक्के असते तर परभाषेतला सिनेमा आवाज बंद करून कळला असता.

उलट मी म्हणेन मराठीत शब्दांकडे, आणि त्यातही सर्वनामांकडे, जरा जास्तच लक्ष द्या. तू आणि तुम्हीचं सगळ्यांना माहीत असतं. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांबद्दल मांडलं की ही सर्वनामं अधिकार आणि जवळीक या दोन दोऱ्यांवर चालतात, पण घोडबंदर रोडला गाडीला गाडी घासली की 'अहो भाऊ'पासून 'ए तुला दिसत नाही का'पर्यंतचा प्रवास किती सेकंदांत होतो ते बघायला कुठलाही पेपर वाचावा लागत नाही. घरात उलटं होतं, आणि ते जास्त धोक्याचं. एरवी अरे-तुरे करणारी बायको जेव्हा शांतपणे "तुम्हीच ठरवा आता" म्हणते तेव्हा आदर वाढलेला नसतो, तिने खुर्ची लांब सरकवलेली असते. माझ्या कागदांवर मी अशा जागेला लाल खूण करते.

पण खरी जादू आणि खरा घात 'आपण' आणि 'आम्ही'चा. इंग्रजीत ही सोय नाही, हिंदीच्या 'हम'मध्येही नाही. 'आम्ही' म्हटलं की तुला वगळून, 'आपण' म्हटलं की तुला धरून. (मुंबईकडचे पोरं 'आपण नाय घाबरत' म्हणतात तिथे आपण म्हणजे मी, आणि डॉक्टर 'आपण इंजेक्शन घेऊया' म्हणतात तिथे आपण म्हणजे फक्त तुम्ही, पण ते सोडा.) माझ्याकडे एक सासू-सून आल्या होत्या, सून अमरावतीकडची, सासर ठाण्यातलं, लग्नाला तीन वर्षं. सुनेची तक्रार होती की सासूबाई मला परकं समजतात. सासूबाई अगदी रडकुंडीला, की मी हिला काय कमी केलं, सोनं केलं, स्वयंपाकघर दिलं. दोघींचं रेकॉर्डिंग ऐकलं तर सासूबाई अतिशय गोड बोलतायत. "आमच्याकडे आमटीत गूळ घालतात हं." "आमच्यात संकष्टीला असं चालत नाही गं." "आमच्याकडे कपडे असे वाळत घालतात." सूर सगळा प्रेमाचा. सुनेने एका संध्याकाळी मोजले होते, अकरा 'आमच्या'. सासूबाईंना पत्ताच नव्हता, त्यांची सासू त्यांच्याशी तशीच बोलायची. मी सांगितलं, गूळ घालायला सांगा, फक्त 'आपल्याकडे' म्हणा. पुढच्या वेळेला आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जीभ वळत नाही हो, पण मी चुकले की आता हीच हसते."

जीभ वळत नाही हे खरंय, सवय चाळीस वर्षांची असते. म्हणून शब्द बदलायचा गृहपाठ मी एका वेळेला एकच देते.

दुसरा एक छोटा शब्द, 'आं?' नाहीतर 'हं?' किंवा 'काय?'. न ऐकू आलं की आपण करतो ते. मार्क डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या भाषांत बघितलं तर असा प्रश्नार्थक सुरातला इवलासा आवाज सगळीकडे सापडला, आणि २०१५ च्या त्यांच्या बारा भाषांच्या अभ्यासात सरासरी दर १.४ मिनिटांनी कोणी ना कोणी समोरच्याला असं थांबवतंच, परत सांग, कोण म्हणालीस, कधी? म्हणजे न कळणं हा अपघात नाही, रोजचा व्यवहार आहे, दुरुस्तीची सोय भाषेतच बसवलेली आहे. पण काही घरांत 'आं?'वर "किती वेळा सांगायचं!" असं उत्तर येतं आणि मग माणूस 'आं?' विचारायचं बंद करतो, अंदाजाने 'हो हो' म्हणतो. तिथून पुढे जे होतं ते फार वाईट. आणि एक सांगून ठेवते, पन्नाशी-साठीच्या पुढचं कोणी 'मुद्दाम भलतंच उत्तर देतं' अशी तक्रार असेल तर माझ्याकडे यायच्या आधी कानाची तपासणी करा. ऑडिओमेट्रीचा कागद हातात आल्यावर वर्षानुवर्षांची भांडणं एका दुपारीत संपलेली मी बघितलीत, आणि संपल्यावर घरच्यांना झालेला पश्चात्तापही.

'बघू'बद्दलही थोडं, कारण तुमच्या पत्रात तो चारदा आलाय. 'बघू' हा चांगला शब्द आहे, एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये 'फेस' म्हणून जे मांडलं, म्हणजे चारचौघांतली आपली पत आपण एकमेकांची राखत असतो, त्यासाठीच तो आहे. शेजारच्यांनी मुलाच्या मुंजीला कोल्हापूरला बोलावलं तर 'बघू, जमवतो' म्हणणं हेच शहाणपण, त्यांनाही कळतं, आपल्यालाही. पण घरात 'सुट्टीत कुठे जायचं', 'मुलाची शाळा बदलायची का', 'माझे आईवडील राहायला येऊ देत का', सगळ्यालाच 'बघू' असेल तर समोरच्याने ते कधी बघितलं जाणार याचा हिशोब ठेवायला सुरुवात केलेली असते. बघू म्हणा, पण कधी ते त्याच वाक्यात सांगा.

व्हॉट्सॲपवर भांडू नका, एवढंच सांगते. जस्टिन क्रुगर आणि मंडळींनी २००५ मध्ये ईमेलवर उपरोध पोचतो का ते तपासलं. लिहिणाऱ्यांना वाटलं ७८ टक्के वेळा पोचेल, पोचला ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच. ऑफिसमधून पाठवलेलं 'ठीक आहे.' त्या पूर्णविरामासकट संध्याकाळी घरी तुमची वाट बघत असतं.

आणि एक गोष्ट, तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही पण हे दुसरं कोणी वाचत असेल म्हणून. जिथे भीती आहे, एक जण दुसऱ्याचा फोन तपासतो, पैसे अडवतो, हात उगारतो, तिथे यातलं काहीही लागू नाही. तिथे 'संवाद वाढवा' असा सल्ला देणं म्हणजे मार खाणाऱ्यालाच अजून नीट बोलायला सांगणं. महिलांसाठी १८१ आहे, तातडीचं असेल तर ११२, मनाचा त्रास असेल तर टेली-मानसचा १४४१६. रेकॉर्डिंगचा गृहपाठ अशा घरात मी कधीच देत नाही.

त्या बदलापूरवाल्या जोडप्याचं पुढे काय झालं ते सांगते. सहा आठवड्यांनी त्यांनी आणलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे होतं:

ती: रविवारी आईकडे जाऊया का घरीच राहायचंय?
तो: थांब, ब्लॉक बघतो.
(चार सेकंद, फोनवर काहीतरी)
तो: अकरा ते चार आहे. दहाच्या आत निघालो तर होईल.
ती: दहाच्या आत तू उठणार?

चार सेकंद शांतता होती, पहिल्यापेक्षा चौपट, आणि कोणाला काही झालं नाही, कारण त्या शांततेत काय चाललंय ते त्याने आधी सांगितलं होतं. शेवटच्या ओळीनंतर दोघं हसलेत आणि मागे मुलगा काहीतरी ओरडतोय, ते आम्हाला उतरवता आलं नाही.

तुमच्या 'बरं'बद्दल मला अजून तीन गोष्टी हव्यात. ते म्हणायच्या आधी किती वेळ गेला होता, तेव्हा तुमच्या हातात काय होतं, आणि त्यानंतर लगेच ती काय म्हणाली, अगदी तिच्याच शब्दांत. तिसरी तुम्हाला नक्की आठवेल, कारण शब्द न शब्द परत म्हणता येतो असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्या दोन तिला विचारा.